डीकन टूल्सन पाला धुतात

भर सभेत उभं राहण्याआधी नवऱ्यानं एकदा बायकोच्या तोंडाकडे बघून घ्यावं, असं शहाणी माणसं सांगतात. लीअँडर टूल्सननं बघितलं. आणि बघितलं म्हणूनच तर तो उभा राहिला, त्याला कोण काय करणार!

सभा चर्चच्या वर्धापनदिनाच्या जेवणाची होती. जॉर्जियातल्या मेकन गावात नोव्हेंबर लागला, पहिलं दंव पडलं की कॉलर्डच्या, म्हणजे गड्डा न धरणाऱ्या कोबीच्या, पाल्याला गोडी येते आणि चर्चच्या स्वयंपाक-कमिटीच्या बायकांना उत्साह येतो. कोणी काय करून आणायचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. तरीसुद्धा दर वर्षी सभा भरते, कारण सभाच भरली नाही तर माणसांनी रुसायचं कधी? कॉलर्डची भाजी लीअँडरच्या बायकोची, व्हर्निसची. तिथे चर्चेला जागाच नव्हती. पण यंदा व्हर्निस उजवा हात गळ्यात बांधून बसली होती. अंगणात पडलेल्या पाइनच्या बोंडावरून पाय सटकला आणि मनगट मोडलं.

"आई गं, बिचारी व्हर्निस!" सिस्टर अल्थिया ग्रिग्ज म्हणाली. (त्या चर्चमध्ये सगळ्याच बायका एकमेकींच्या सिस्टर.) आवाज असा की चहात साखर घालायला नको. "तू आता आराम कर हो. यंदा भाजी मी करते. एका वर्षाचा तर प्रश्न!"

'एका वर्षाचा प्रश्न' म्हटल्याबरोबर बाकीच्या बायका टेबलाच्या लाकडाकडे बघायला लागल्या. कारण त्या चर्चमध्ये पदार्थ एकदा हातचा गेला की गेला. सिस्टर मोझेलचंच बघा. तिच्या मॅकरोनीसाठी पास्टर प्रवचन आवरतं घेत असत. बाई पित्ताशयाच्या ऑपरेशनला गेली, परत आली तो मॅकरोनी दुसरीच्या हातात. तेव्हापासून ती बर्फ आणते. बर्फ! पेट्रोल पंपावरून पिशव्या उचलायच्या आणि सरबतात ओतायच्या. कोणी तिला "मोझेल, बर्फ छान झालाय" असंही म्हणत नाही.

व्हर्निस गळ्यातल्या पट्टीची गाठ डाव्या हातानं उगाच सारखी करत राहिली. तिचं ते तोंड लीअँडरनं एकदाच पाहिलं होतं, तिच्या आईचं घर विकलं त्या दिवशी. तो उठला.

"भाजी आमच्याच घरून येईल," तो म्हणाला. "मी करीन."

सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. ते पास्टर होते, असं नंतर कळलं.

लीअँडर टूल्सन म्हणजे काही कोणी लुंगासुंगा नव्हता. चर्चचा डीकन होता, म्हणजे पास्टरांच्या हाताखालच्या पंचांपैकी एक. कौंटीच्या घरपट्टी खात्यात त्यानं उभी हयात काढली होती. लोकांच्या घरात शिरायचं, टेप लावायचा आणि त्यांना वाटतं त्यापेक्षा त्यांचं घर जास्त किमतीचं आहे अशी वाईट बातमी द्यायची, हे त्याचं काम. मोजता येत नाही अशी गोष्ट जगात नाही, यावर त्याची देवाखालोखाल श्रद्धा. रिटायर झाल्यावर टेप ठेवायचा कुठे, म्हणून तो सोसायटीचा सेक्रेटरी झाला आणि लोकांना नोटिसा पाठवू लागला. कोणाचा कचऱ्याचा डबा दिवसभर बाहेर, नोटीस. कोणाची टपालपेटी वाकडी, नोटीस. गेल्याच आठवड्यात समोरच्या मिस ओपलना गेली होती. ऐंशी ओलांडलेली एकटी बाई. तिनं घरापुढच्या बागेत फुलझाडांऐवजी भाजी लावली होती, आणि दर्शनी भागात खाण्याजोग्या वनस्पतींना सोसायटीच्या नियमात मनाई होती. नियम म्हणजे नियम.

"तुला भाजी येते?" घरी आल्यावर व्हर्निसनं विचारलं.

"पाला, पाणी, मीठ आणि धुरी दिलेला डुकराचा पाय. त्यात न येण्यासारखं काय आहे?"

हात मोडल्यापासून व्हर्निस पहिल्यांदा हसली. हसताना प्लास्टर हललं, कळ आली, आणि त्याचाही दोष लीअँडरकडेच गेला.

"ऐक," ती म्हणाली. "लोक ताट घेऊन रांगेत येतात आणि घेण्याआधी विचारतात, 'भाजी कुणाच्या हातची?' नाव पटलं तर घेतात. नाही पटलं तर 'नंतर घेते हं' म्हणून पुढे सरकतात आणि नंतर कधी येत नाहीत. आपलं पातेलं भरलेलं परत आलं, तर पुढच्या वर्षी अल्थिया, त्याच्या पुढच्या वर्षी अल्थिया. कळलं?"

"कळलं."

"मी बर्फ नाही आणणार, लीअँडर."

"तुला कोण आणायला लावतंय?" तो छाती काढून म्हणाला.

शुक्रवारी तो हायवेच्या कडेला उभ्या असलेल्या ट्रकवर पाला आणायला गेला. जाण्याआधी त्यानं रीतसर हिशेब केला होता: माणसं इतकी, माणशी एवढी भाजी, वर दहा टक्के सुटीची. जुड्या डिकीत रचून तो ऐटीत घरी आला. व्हर्निसनं डिकीत डोकावून पाहिलं.

"माझं झालं," ती म्हणाली. "आता लोकांसाठी आण."

"अगं, डिकी भरलीय!"

"हा पाला पातेल्यात गेला की लाजून बसतो. मी गाडी भरून म्हटलं होतं. डिकी नव्हे, गाडी!"

तो परत गेला. ट्रकवाल्यानं जुड्या बाजूला काढूनच ठेवल्या होत्या. "बायकोनं परत पाठवलं ना?" तो म्हणाला. "सगळ्यांनाच पाठवतात. मी वाटच बघत होतो." लीअँडरनं त्यावर काही बोलणं आपल्या इभ्रतीला शोभणार नाही असं ठरवलं आणि मागच्या सीटवर, पुढच्या सीटवर, पायांशी, जमेल तिथे पाला कोंबला. आरशात मागची गाडी दिसायच्या ऐवजी नुसतंच हिरवंगार दिसत होतं.

घरासमोर गाडी रिकामी होईस्तोवर अर्ध्या गल्लीला बातमी लागली. मग सल्ले सुरू झाले. शेजारचा ओझेल पिट्स कुंपणाला टेकून म्हणाला, "चिमूटभर साखर टाक. माझी आई टाकायची." पोस्टमननं गाडी थांबवून सांगितलं, "साखर अजिबात नको, त्याच्या आईला काय कळतं? खाण्याचा सोडा टाक. माझी आई टाकायची." न्हाव्याकडे गेला तर तिथे एकानं सांगितलं की पातेल्यात अख्खा पेकान अक्रोड टाकला की घरभर वास सुटत नाही, त्याची आई टाकायची. या गावात भाजीच्या बाबतीत कोणाला स्वतःचं मत म्हणून नाही. सगळे आपापल्या आईचं सांगतात, आणि कोणाच्या वारलेल्या आईशी वाद घालायला डीकन झालेल्या माणसाला तोंड कुठून असणार? लीअँडर प्रत्येकाला "बरं, बरं" म्हणाला आणि केस अर्धवट कापलेले तसेच घेऊन घरी आला.

शनिवारी सकाळी पाला धुवायला घेतला. कॉलर्डच्या पानात जॉर्जियाची सगळी रेती येऊन बसते. पहिलं पाणी काढलं, लाल. दुसरं काढलं, लाल. व्हर्निस नुसतं पाण्यात बोट फिरवून चिमटीत चोळून बघायची आणि म्हणायची, "अजून." ढिगाचा एक कोपराही झाला नव्हता आणि लीअँडरची कंबर धरली. दुपारी व्हर्निस दुखण्याची गोळी घेऊन झोपली. लीअँडर मागच्या दारात कंबरेवर हात ठेवून उभा राहिला. कुंपणापलीकडे ओझेल होताच. तो कायमच असतो.

"एक सांगू का डीकन?" ओझेल आजूबाजूला बघत हळूच म्हणाला. "माझी आई कपड्यांच्या मशीनमध्ये धुवायची."

"काय?"

"पाला. उशीच्या अभ्र्यात भरायचा, गार पाणी, दिली फिरकी. रेतीचा कण राहत नाही. गावातल्या निम्म्या बायका करतात. एकही कबूल करायची नाही."

लीअँडरनं "छे, छे" म्हणून दार लावून घेतलं. पाच मिनिटं त्यानं सदसद्विवेकबुद्धीशी चर्चा केली. बुद्धी म्हणाली, हे बरं दिसत नाही. कंबर म्हणाली, बुद्धीला सांग ये आणि धू. कंबरेचं म्हणणं सरस ठरलं.

आता ओझेलच्या आईचं मशीन जुनं, वरून झाकण उघडणारं, गरीब गाईसारखं. लीअँडरच्या घरातलं मशीन लेकीनं अटलांटाहून पाठवलेलं, नवंकोरं, हुशार. कपडे किती, मळ किती, हे त्याचं तेच ओळखतं. अभ्रे ठासून भरले, 'नाजूक कपडे' असं बटण दाबलं, काचेचं दार खटकन लॉक झालं. लीअँडर स्टूल घेऊन समोर बसला आणि काचेतून पाला गरगर फिरताना बघत 'माणसानं काय शोध लावलेत!' असं कौतुक करू लागला. मग काचेवर फेस आला.

फेस! साबण तर त्यानं घातला नव्हता. पण मशीन हुशार होतं ना! लेकीनं त्याच्या पोटात महिन्याभराचा साबण भरून ठेवला होता आणि मळ बघून ते आपल्या मनानंच हवा तेवढा घेत होतं. जॉर्जियाची लाल माती बघून त्यानं सढळ हातानं घेतला. लीअँडरनं बटणं दाबली. दार ओढलं. मशीननं एक गोड सूर काढला आणि फिरणं चालूच ठेवलं. शेवटी त्यानं मशीनवर लिहिलेल्या नंबराला फोन लावला. बरीच गाणी ऐकल्यावर एक मुलगी बोलायला आली.

"सर, आत काय आहे? सुती, लोकरी, की रेशमी?"

लीअँडर डीकन होता. खोटं बोलणं त्याला जमत नसे, आणि खरं बोलायची त्या घटकेला सोय नव्हती. "नाजूक आहे," तो म्हणाला.

"रंग जातो का?"

"हिरवा आहे. थोडा जातोय."

"लेबलवर काय लिहिलंय सर?"

"लेबल नाही. गावाकडचं आहे."

"अय्या, म्हणजे हातानं केलेलं!" मुलगी कळवळली. "मग ते मशीनमध्ये घालायलाच नको होतं हो सर."

"ते मला आता कळतंय, बाई," लीअँडर म्हणाला.

काम झाल्यावर ते मशीन आनंदानं एक धून वाजवतं. त्या धुनेनं व्हर्निस जागी झाली आणि आली. लीअँडरनं दार उघडलं. पाला झक्क स्वच्छ झाला होता, रेतीचा कण नव्हता. व्हर्निसनं डाव्या हातानं एक पान उचललं, नाकाला लावलं.

"लॅव्हेंडर," ती म्हणाली.

"दोनदा धुवून घेतला तर वास..."

"लीअँडर."

ती स्टूलवर बसली. ओरडली असती, चार शिव्या हासडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. ती नुसती म्हणाली, "अल्थियाला फोन कर. म्हणावं, कर तूच." आणि पट्टीची गाठ सारखी करू लागली.

शनिवार कलता झालेला. ट्रक केव्हाच गेलेला. दुकानात पिशवीत मिळतो तो चिरलेला पाला चर्चमध्ये नेणं म्हणजे प्रवचनाला गंजिफ्रॉकवर जाण्यासारखं. लीअँडर खिडकीशी जाऊन उभा राहिला. समोर मिस ओपलच्या घरापुढे कॉलर्ड उभे होते. गुडघाभर उंच, काळेहिरवे, दंव खाल्लेले, ओळीनं. प्रत्येक पान सुपाएवढं. इतके दिवस तो त्यांच्याकडे नियमभंग म्हणून बघत होता. भाजी म्हणून त्यानं आज पहिल्यांदाच बघितलं, आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली.

मिस ओपल ओसरीत घोंगडी पांघरून बसल्या होत्या.

"या सेक्रेटरीसाहेब," त्या म्हणाल्या. "मुदत सोमवारची ना? का फौज घेऊन आलात?"

"मॅम, मी पाला मागायला आलोय."

"कसला पाला? तुमच्या कागदात तर त्याला 'अनधिकृत वनस्पती' म्हटलंय."

"अनधिकृत वनस्पतीच द्या, मॅम. देववेल तेवढी द्या."

मिस ओपल इतक्या हसल्या की ठसका लागला. काय झालं ते त्यांनी विचारलं नाही. त्याच्या बाह्यांना लॅव्हेंडरचा वास येत होता, त्यावरून ओळखायचं ते त्यांनी ओळखलं असावं.

"व्हर्निससाठी का?"

"हो."

"मग तसं सांगावं की बाबा आधी! घ्या ती सुरी. खालची पानं घ्या, मधला कोंब ठेवा, परत फुटायला हवा. आणि तो कागद?"

"कागदाचं मी बघतो, मॅम."

"बघतो नाही. फाडतो म्हणा."

"फाडतो," लीअँडर म्हणाला.

त्या संध्याकाळी त्यानं पाला न्हाणीघरातल्या टबात घातला आणि हातानं धुतला. डीकन असूनही इतका वेळ गुडघ्यांवर तो याआधी कधी बसला नव्हता. व्हर्निस दारात खुर्ची टाकून बसली, तिच्या शेजारी दुसऱ्या खुर्चीवर मिस ओपल. पाण्यात बोट घालून व्हर्निस म्हणायची "अजून", आणि मिस ओपल म्हणायच्या "ऐका तिचं." मग देठ काढले, पानांच्या वळकट्या करून चिरल्या, डुकराचा पाय आधी उकळून घेतला. साखरेवरून दोघींचं वाजलं. मिस ओपल मेथडिस्ट, बाप्तिस्म्याला पाणी शिंपडणाऱ्या; व्हर्निस बाप्टिस्ट, अख्खं माणूस बुडवणारी. बाप्तिस्म्याच्या पाण्यापासून भाजीच्या पाण्यापर्यंत त्यांचं पटायचं नाही. लीअँडर मध्ये उभा राहून ढवळत होता. डोंगराएवढा पाला बघता बघता खाली बसला, तेव्हा त्याच्या तोंडून "अरेच्चा!" निघून गेलं.

"मीठ किती?" त्यानं विचारलं.

"पुरेल एवढं."

"म्हणजे किती चमचे?"

"ते काय घर आहे मोजायला? चाख."

त्यानं चाखलं, घातलं, परत चाखलं. व्हर्निसनं शेवटी एक चमचा तोंडात घातला, डोळे मिटले आणि नुसती मान हलवली.

"म्हणजे कसं?" लीअँडरनं घाबरून विचारलं.

"म्हणजे गॅस बंद कर."

रविवारी चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये टेबलं लागली. लीअँडरनं पातेलं आणून ठेवलं, तर शेजारी आधीच एक पातेलं. सिस्टर ग्रिग्ज म्हणाली, "असू दे रे बाबा. लागलंच तर असावं म्हणून आणलंय." रांगेत पहिल्या नेहमीप्रमाणे मदर रुथीनिया बॅटल. चर्चमधल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या. त्यांचं ताट पुढे जाईल तिकडे बाकी चर्च जातं.

"भाजी कुणाच्या हातची?" मदर बॅटलनी विचारलं.

'व्हर्निसच्या' म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं. पण तिचा हात गळ्यात, आणि सगळ्या हॉलला माहीत. "माझ्या, मॅम," लीअँडर म्हणाला.

लीअँडरच्या हातातला डाव थांबला. मदर बॅटलनी एकदा व्हर्निसकडे बघितलं, एकदा वर देवाकडे बघितलं, आणि एवढीशी भाजी ताटाच्या कडेला घेतली. तिथेच उभ्या राहून खाल्ली. मग मक्याचा पाव मोडून रश्श्यात बुडवला. मग डाव स्वतःच हातात घेतला.

पुढे सांगायला नको. पातेलं खरवडून झालं. पास्टरांनी तळाचा रस्सा कपात ओतून घेतला. सिस्टर ग्रिग्जच्या पातेल्यावरचं झाकण निघालं ते फक्त तिच्या नवऱ्यासाठी, आणि त्या गृहस्थालाही इलाज नव्हता. लीअँडर टेबलामागे उभा होता. लोक पाठ थोपटून जात होते. 'डीकन, कमाल केलीत' म्हणत होते. आयुष्यभर लोकांनी त्याला बघून दारं लावून घेतली होती. असं प्रेम त्याच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. त्याला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोला!

जेवणं झाल्यावर मदर बॅटल चमचा ग्लासावर वाजवून उभ्या राहिल्या. "पुढच्या वर्षीपासून," त्या म्हणाल्या, "भाजी डीकन टूल्सनकडे."

टाळ्या झाल्या. व्हर्निसनंही वाजवल्या. डाव्या हातानं, प्लास्टरवर, टक टक. मग तिचा हात गळ्याकडे गेला आणि पट्टीची गाठ सारखी करू लागला.

लीअँडरनं ते पाहिलं. अल्थिया ग्रिग्जच्या हातून त्यानं जागा वाचवली होती खरी, पण घेतली कोणी? त्यानंच. आणि नवऱ्यानं घेतलेली जागा परत मागायची कोणापाशी? टाळ्या अजून चालू होत्या. त्यानं जरा वेळ त्या ऐकून घेतल्या, कारण पुन्हा मिळणार नव्हत्या. मग तो उभा राहिला.

"एक सांगायचं राहिलं," तो म्हणाला. "काल मी कॉलर्डचा पाला कपड्यांच्या मशीनमध्ये धुतला."

लीअँडरला वाटलं, आता ताटं आपटतील. पण काही बायका छताकडे बघू लागल्या, काहींना एकदम पर्समध्ये काहीतरी शोधायचं आठवलं, आणि खुद्द सिस्टर ग्रिग्ज बुटाचा बंद बांधायला वाकली. तिच्या बुटाला बंद नव्हते.

"मग?" मदर बॅटल म्हणाल्या. "मशीनमध्ये कोण धूत नाही?"

हे काही लीअँडरच्या हिशेबात नव्हतं. त्यानं उरलीसुरली अब्रूही टेबलावर ठेवली.

"साबणानं," तो म्हणाला. "लॅव्हेंडरच्या."

"साबण?" मदर बॅटलचा चमचा खाली पडला. "भाजीला साबण?"

"हो, मॅम."

मग जो गलका झाला! कोणी जीभ बाहेर काढून पुसत होतं, कोणी हसून हसून खुर्चीवरून घसरत होतं, एक म्हातारे डीकन आपल्या टायचा वास घेऊन बघत होते. "मला तरी वाटलंच, फुलांचा वास कसला!" असं निदान तीन जणांनी शपथेवर सांगितलं. लीअँडर हात बांधून उभा होता. मरेपर्यंत आता या गावात आपल्याला लोक 'साबण टूल्सन' म्हणणार, हे त्याला स्वच्छ दिसत होतं.

"व्हर्निस," मदर बॅटलनी डोळे पुसत विचारलं, "तुझं प्लास्टर कधी निघतंय?"

"नाताळच्या आत, मदर."

"निघू दे. भाजी तुझ्याकडेच. आणि या माणसाला स्वयंपाकघरात पाऊल टाकू देशील तर माझ्याशी गाठ आहे."

"नाही देणार, मदर," व्हर्निस म्हणाली. गाठीवरचा हात तिनं काढून मांडीवर ठेवला होता.

परतताना गाडीत रिकामं पातेलं मागच्या सीटवर खडखडत होतं.

"तो साबणाचा पाला आपण फेकून दिला, हे सांगितलं नाहीस तू," व्हर्निस म्हणाली.

"राहून गेलं."

"मदर बॅटल आता घरी जाऊन पोटात साबण गेला म्हणून सोडा पीत बसतील."

"पिऊ देत. पचन चांगलं होतं."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. सिग्नलला गाडी थांबली.

"लीअँडर."

"हं?"

"मीठ अगदी बरोबर पडलं होतं."

सिग्नल हिरवा झाल्याचं मागच्या गाडीला भोंगा वाजवून सांगावं लागलं.